वास गुऱ्हाळाचा नव्हता

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, तालुक्याच्या आरोग्य अधिकारी सन्माननीय डॉक्टर व्हिलारुझ मॅडम, व्यासपीठावर विराजमान झालेले आपले गावप्रमुख कॅप्टन मक्सिमो, आदरणीय फादर, गुऱ्हाळ संघाचे सर्व पदाधिकारी, आरोग्य केंद्रातल्या माझ्या भगिनी, आणि समोर बसलेले इगबांगकाल गावातले माझे सगळे लहानथोर, ज्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांना मी जन्मल्या जन्मल्या उलटं धरून पाठीत थापटी मारलेली आहे, अशा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मागच्या रांगेतल्या मंडळींनी जरा गप्पा थांबवाव्यात. होय, तुम्हालाच सांगते आहे. तुम्ही जन्मलात तेव्हाही रडायला वेळ लावला होता, आता गप्प बसायला लावू नका.

इतके चांगले शब्द माझ्याबद्दल आज बोलले गेले की मला क्षणभर वाटलं, मी बहुतेक वारलेच आहे आणि हे सगळे सांत्वनाला आलेत. कॅप्टननी माझ्या छत्रीचं कौतुक केलं, रबरी बुटांचं केलं, अंगणातली कुत्री माझा आवाज ऐकून पळतात तेही सांगितलं. मॅडमनी आकडा वाचून दाखवला. चौतीस वर्षं, चौदाशे बारा बाळंतपणं. आणि हे स्मृतिचिन्ह. लाकूड आपल्याच डोंगरातलं दिसतंय. त्यावर सोनेरी अक्षरांत कोरलंय, मी चष्मा लावून वाचते: ‘सुईण पेर्पेतुआ सुमागायसाय, जिच्या हातून एकही बाळ दगावलं नाही.’

तर मंडळी, हे वाक्य खोटं आहे.

नाही, मॅडम, तुमची चूक नाही, तुम्ही बसून घ्या. तुम्ही नोंदवही पाहून आकडा काढलात आणि नोंदवहीत तसंच आहे. माझ्या वहीत सात दिवसांचा रकाना असतो. सातव्या दिवसानंतर जे गेलं, ते माझ्या नावावर पडत नाही. ते बाळ नवव्या दिवशी गेलं. वही स्वच्छ राहिली.

मला चार शब्द आभाराचे बोलायला सांगितलंय याची जाणीव आहे. कॅप्टन, तुम्ही घड्याळाकडे बघताय तेही दिसतंय मला. पांसितच्या शेवयांच्या पराती झाकून ठेवलेल्या आहेत, पळून जात नाहीत. चौतीस वर्षं तुमच्या बायकांना मी ‘अजून थोडी कळ काढ’ म्हणत आले, आज तुम्ही माझ्यासाठी काढा.

आपल्या गावातली ग्लेंडा सगळ्यांना माहीत आहे. गुऱ्हाळाच्या मागं, बांबूच्या बेटाजवळ तिचं घर. तिचा नवरा रुएल तेव्हा गुऱ्हाळावर काहील ढवळायचा, उसाचा ट्रकही चालवायचा. चौदा वर्षांपूर्वी ग्लेंडाला पहिला मुलगा झाला, जुनरेल. हंगाम भरात होता. घाण्याची घरघर, तिन्ही चुलवणं पेटलेली, काहिलीत कलमायची काळी साखर आटतेय, साऱ्या गावावर पाकाचा वास. तुम्हाला ठाऊक आहे, त्या दिवसांत आपल्या उशांना वास, केसांना वास, भाताला वास. फादरच्या झग्यालासुद्धा. बाहेरून आलेला माणूस नाक वर करून हुंगत राहतो, आणि आपल्याला विचारलं तर आपण म्हणतो, ‘कसला वास?’

तिसऱ्या दिवशी मी बाळ बघायला गेले. अंगणात आठ-दहा बायका होत्या. बाळाला उचललं, कानापाशी नाक गेलं, आणि वास आला. करपत आलेल्या पाकाचा. माझं तोंड तुम्हाला माहीतच आहे, ते माझ्याआधी बोलतं. मी म्हटलं, ‘अगं ग्लेंडा, नऊ महिने काहिलीत तोंड घालून बसली होतीस की काय? पोराला कलमायचा वास मारतोय! पोरगा नाही, साखर प्रसवलीस!’

काय हसल्या बायका! ग्लेंडासुद्धा हसली. तिला खरंच आवडायचं ते. काहिलीच्या कडेला चिकटलेली खरवड रुएल तिला केळीच्या पानात बांधून आणायचा, ती दुपारभर चोखत बसायची. कुठल्या गर्भारणीनं नाही केलं हे आपल्या गावात?

एक बाई मात्र हसली नाही. रुएलची आई, साऱ्या गावाची आजी, लोला ट्रिनिंग. आता ती नाही; पेर्पेतुआची पेतांग तिनंच केली. ती बाळानं भिजवलेलं फडकं घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘पेतांग, एक सांग. वास कलमायचा आहे ना? मग याला मुंग्या का लागत नाहीत? सकाळपासून दोरीवर आहे. बाजूला माझी गुऱ्हाळातली ओढणी आहे, तिला लागल्यात.’

तिनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. आणि मी, पांढऱ्या कपड्यातली, परीक्षा पास झालेली, तिला काय म्हणाले? म्हणाले, ‘लोला, मुंग्यांनाही आता शहरी चव लागली असेल!’ परत हशा.

साखर नसलेला साखरेचा वास! त्या म्हातारीनं माझ्या हातात आणून दिला होता. मी तो हसण्यावारी नेला.

पाचव्या दिवशी बाळ प्यायचं कमी झालं. मी म्हटलं, आणखी पाज. सहाव्या दिवशी ते पाय असे मारायला लागलं, सायकल चालवल्यासारखे. रुएल मला थोरली बहीण मानायचा, कौतुकानं म्हणाला, ‘मानांग, हा तर शर्यतीत उतरणार!’ मीही हो म्हटलं. आठव्या दिवशी ते धनुष्यासारखं मागं वाकलं. मी ताप पाहिला, गोळी चुरून दिली, तालुक्याला न्या म्हणाले. नवव्या दिवशी निघायच्या आधीच संपलं. मी दाखल्याच्या कागदावर ‘जंतुसंसर्ग’ लिहिलं. गावानं म्हटलं, दृष्ट लागली. फादर, तुमच्या आधीच्या फादरनी म्हटलं, देवाची इच्छा. प्रत्येकाकडे एकेक उत्तर होतं.

आणि मग महिन्याभरात एक नवीन उत्तर निघालं. विहिरीवर, चर्चच्या पायरीवर, माझ्याच केंद्राच्या बाकावर. ‘कलमाय खाऊन खाऊन पोराला आतून जाळलं तिनं.’ कोण म्हणालं आधी? शोधू नका. मी म्हणाले. मी हसत म्हणाले होते, तुम्ही हसणं गाळून पुढं दिलंत, एवढाच फरक. मला ते ऐकू येत होतं. मी कधी एकीलाही गप्प केलं नाही. का? कारण मला वाटलं, असेलही. खरं सांगते, मला वाटलं असेलही.

पाणी द्या जरा.  

चार वर्षं ग्लेंडाला दिवस राहिले नाहीत. मग राहिले. त्या नऊ महिन्यांत तिनं साखरेचा कण तोंडात घातला नाही. गुऱ्हाळाच्या मागं राहून! रुएल घरी आला की आधी अंगणात अंग धुवायचा, कपडे बाहेर टांगायचा, मग आत. पवित्र आठवड्याच्या आधीच्या शुक्रवारी मुलगी झाली, मिरासोल. माझ्याच हातून. छान रडली, पुष्कळ केस. ग्लेंडानं पहिलं काय केलं असेल? मुलीच्या डोक्याला नाक लावलं, लांब श्वास घेतला, आणि माझ्याकडे बघून हसली. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी टाचेचं रक्त घ्यायचं असतं, तोवर हा नियम आला होता. कागदावर रक्ताचे ठिपके घ्यायचे, वाळवायचे, पाठवायचे. ती चोवीस तासांच्या आतच घरी गेली. मी म्हटलं, सोमवारी घेऊन ये. सोमवारी आली नाही. निरोप पाठवला, तर उत्तर आलं, बाळ झोपलंय. मंगळवारी, बाळ झोपलंय. बुधवारी, बाळ झोपलंय. मी चिडले. म्हटलं, ही आजकालची पोरं, यांना सुईची भीती. तीन दिवस सलग ‘बाळ झोपलंय’ ऐकून ज्या सुईणीच्या काळजात धस्स होत नाही, तिला तुम्ही आज हार घातलाय.

गुड फ्रायडेला मला काम नव्हतं. तुम्हाला ठाऊक आहे तो दिवस. चुलवणात विस्तव नाही, घाणा बंद, काहिली पालथ्या, मोठ्यानं बोलायचं नाही, खिळा ठोकायचा नाही. म्हटलं, चला, आपणच जाऊन टाच टोचून येऊ. गुऱ्हाळावरून गेले तेव्हा राख थंड होती. कित्येक महिन्यांनी गावाला नुसता मातीचा वास होता.

ग्लेंडाच्या घराचा जिना चढले आणि दारातच वास आला.

करपत आलेला पाक! चुलवणं विझलेली, वारा समुद्राकडून, आणि त्या एका खोलीत पाकाचा वास.  आत ग्लेंडा फडकी व्हिनेगरमध्ये भिजवत बसली होती. सगळ्या खोलीत पेरूचा पाला जाळलेला. ती वास दडपत होती, मंडळी. सहा दिवस ती तो वास लपवत होती. मला पाहिलं आणि बाळाला पोटाशी धरून कोपऱ्यात सरकली. मी काही विचारलंही नव्हतं. ती म्हणाली, ‘मी काही खाल्लं नाही, मानांग. शपथ घेते. एक खडासुद्धा नाही. यांना विचारा. मी खरंच नाही खाल्लं.’

बाळ तिच्या हातावर ओल्या फडक्यासारखं पडलं होतं. पाय मात्र हलत होते, सायकल चालवल्यासारखे.

ते सहा दिवस कुणी खाल्ले? ग्लेंडाच्या भीतीनं? आणि ती भीती तिला कुणी दिली?

त्या दिवशी गाडी कुठं मिळणार? रुएलनं उसाचा ट्रक काढला. शेजारची म्हातारी माणसं आडवी आली, आज चाक फिरवू नका म्हणून. रुएल काय बोलला ते चर्चच्या सभागृहात मला सांगता येणार नाही. इलोइलोपर्यंत तीन तास. पण खाली तालुक्याच्या गावात पोचलो तर समोर मिरवणूक. प्रभूची शवपेटी खांद्यावर, मेणबत्त्या, हजारभर माणसं, रस्ता भरून. रुएलनं हात हॉर्नवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. ‘वाजवू, मानांग?’

मी म्हटलं, ‘आज नको रे.’

चाळीस मिनिटं आम्ही त्या मिरवणुकीच्या मागून पावलापावलानं गेलो. फादर, मी मिरवणुकीला दोष देत नाही. हॉर्न वाजवला असता तर लोक बाजूला झाले असते, शिव्या देत का होईना झाले असते. प्रभूनंही रागावून पाहिलं नसतं, एवढं मला आता कळतं. तेव्हा मी लोक काय म्हणतील याला भ्यायले. चाळीस मिनिटं. ग्लेंडा मध्ये बसून बाळाला पाजायचा प्रयत्न करत होती, कारण मी तिला सांगत होते, पाज, ताकद येईल.

इलोइलोच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं बाळाच्या कानाला नाक लावलं आणि ताठ उभी राहिली. पहिलं वाक्य काय बोलली? ‘दूध बंद करा. ताबडतोब. आईचंसुद्धा.’

चौतीस वर्षं मी तुम्हाला आईच्या दुधाची महती सांगितली. केंद्राच्या भिंतीवर चित्र आहे. आणि ते दूधच त्या बाळाला मारत होतं. आपण मासळी खातो, डाळ खातो, दूध पितो, त्यातलं प्रथिन पोटात सुटं होतं. लागतील ते तुकडे अंगाला लागतात, उरलेले शरीर जाळून टाकतं. या मुलांच्या शरीराला त्यातले तीन तुकडे जाळताच येत नाहीत. ते रक्तात साठतात, मेंदूत चढतात. त्याचा तो वास. साखरेशी त्याचा काडीचा संबंध नाही. तुम्ही काहीलभर खा, नाहीतर आयुष्यात चाखू नका, काही फरक पडत नाही. मागं बसलेल्यांना ऐकू आलं का? काही फरक पडत नाही!

आणि हे एकट्या आईकडून येत नाही. अर्धं आईकडून, अर्धं बापाकडून, दोन्ही अर्धी एकत्र आली तर. आईबाप धडधाकट असतात, त्यांना पत्ताही नसतो. आपण सगळे या दोन डोंगरांतलेच, लग्नाच्या वेळी नातं शोधायला बसलो तर तिसऱ्या पिढीत सापडतंच. म्हणजे ते अर्धं या खुर्च्यांवरही बसलेलं असेल. माझ्यातही असेल. ग्लेंडाला नावं ठेवणाऱ्या कितीजणींच्या अंगात ते आज गप्प बसलंय, कुणास ठाऊक.

मिरासोल जगली. सगळे म्हणाले, चमत्कार! मीही म्हणाले. ती आज नऊ वर्षांची आहे आणि चार वर्षांच्या मुलीएवढी दिसते. मान धरते, बसत नाही. बोलत नाही. मोटरसायकलचा आवाज आला की हसते. तिला भात मोजून, फळ मोजून, मासळी कधीच नाही, आणि एका खास डब्यातली भुकटी. त्या डब्यांसाठी रुएल आठ वर्षं सौदीत आहे. मुलीचं हसणं तो फोनवर बघतो. साधा ताप आला तरी ते विष पुन्हा चढतं आणि दर वेळी ती जे थोडं शिकलेली असते त्यातलं काहीतरी घेऊन जातं. पूर्वी ती आईच्या बोटाला धरायची. आता धरत नाही.

आणि आपण तिला काय म्हणतो? कलमाय. ‘काय गं कलमाय, कशी आहेस?’ प्रेमानं म्हणतो, गाल ओढून म्हणतो. दुकानदार म्हणतो, कॅप्टन म्हणतात, मागच्या वर्षापर्यंत मीही म्हणत होते. एकदा तिच्या आईच्या तोंडाकडे पाहून म्हटलंय का कुणी?

काल मी आमंत्रण घेऊन ग्लेंडाकडे गेले होते. ती चमच्यानं भुकटी मोजत होती. मी म्हटलं, ‘इंदाय, पोरी, उद्या ये. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या ठेवते.’

‘तिला घेऊन कुठं येऊ, मानांग? परवाच्या झटक्यानंतर ती डोळेही नीट उघडत नाही. आणि तिथं सगळे जमणार, कलमाय, कलमाय करणार.’

‘तेच बंद करायचंय मला. सगळ्यांसमोर सांगणार आहे मी, की चूक माझी होती. तू काही केलं नाहीस.’

तिनं चमच्यावरची भुकटी बोटानं सपाट केली, डब्यात पाहिलं, पुन्हा चमचा भरला. मग म्हणाली, ‘सांगा, मानांग. तुम्हाला बरं वाटेल.’

रागानं नाही हो बोलली. मला रागावली असती तर मी आज सुखानं उभी राहिले असते.

मी विचारलं, ‘आणि तुला?’

‘मला नऊ वर्षांपूर्वीच कळलंय सगळं. त्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चार बाहुल्या काढून दाखवल्या होत्या, एक काळी, दोन अर्ध्या, एक पांढरी. मला एका दमात समजलं. पण मागच्या खेपेला रुएल केक घेऊन आला, मी एक घास तोंडाजवळ नेला आणि ओकारी आली. अजून येते. मग त्या कळण्याचं मी काय करू, तुम्हीच सांगा.’

 मे महिन्यात इलोइलोच्या डॉक्टरांनी तिला सांगितलंय, पुढचा ताप आला तर एवढ्या लांब आणू नका, तुमच्या कुशीतच असू द्या. पावसाळा तोंडावर आहे. आपल्या गावात पावसाळ्यात कुठल्या मुलाला ताप येत नाही?

तर मंडळी, हे स्मृतिचिन्ह मी इथंच टेबलावर ठेवून जाते. लाकूड चांगलं आहे, दुसरं काहीतरी कोरून घ्या, कुणाच्या उपयोगी पडेल. माझ्या जागी अजून कुणाची नेमणूक झालेली नाही हे मॅडमना माहीत आहे, मी त्यांना ओशाळं करत नाही. जो कुणी येईल त्याला फक्त एवढंच सांगा, की बाळाला वास आला तर आईला हसून काही बोलू नका, आधी गाडी काढा. आणि ग्लेंडाच्या दारावरून जाल तेव्हा त्या मुलीला मिरासोल म्हणून हाक मारा. दिवस थोडे उरलेत. तिला कदाचित समजणार नाही. आईला ऐकू जाईल.

डॉक्टर मॅडमचे आभार, कॅप्टनचे आभार, फादरनी सभागृह दिलं त्यांचे आभार, सकाळपासून चुलीपुढं राबलेल्या बायकांचे फार आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, मानपानात काही कमीजास्त झालं असेल, कुणाला लागेल असं बोलले असेन, तर तेवढं मोठ्या मनानं पोटात घाला.

दुसऱ्या गोष्टीची क्षमा मी मागत नाही. ती द्यायचा हक्क ज्या एका बाईला आहे, तिला काल मी विचारणार होते. पण ती मिरासोलला चमच्यानं भुकटी पाजत होती, आणि मी छत्री उचलून जिना उतरले.

बसा, जेवून घ्या.